चार पौंडांत उभं राहायचं

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळ प्रांतात स्पिऑन कॉप नावाची एक टेकडी आहे. टेहळणीची टेकडी, एवढाच त्या नावाचा अर्थ. 1900 च्या जानेवारीत बोअरांशी लढताना इंग्रजांनी तिथं सपाटून मार खाल्ला. मेलेल्यांत लिव्हरपूल ज्या परगण्यात होतं त्या लँकशरच्या पलटणींतले जवान पुष्कळ होते. जखमींना डोलीत घालून वाहून नेणाऱ्यांत हिंदी स्वयंसेवकांचं एक पथक होतं आणि त्याचा म्होरक्या होता तीस वर्षांचा एक बॅरिस्टर, मोहनदास गांधी. इथवरची गोष्ट आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक असते. त्या टेकडीचं नाव पुढे लिव्हरपूलला जाऊन पोहोचलं, हे फुटबॉलवाल्यांनाच ठाऊक असतं.

1906 साली लिव्हरपूल क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली. पैसे हाताशी आले होते, गर्दी वाढली होती. अ‍ॅनफील्ड मैदानाच्या एका गोलमागे भराव घालून प्रेक्षकांसाठी उंचच उंच पायऱ्या रचण्यात आल्या. लँकशरच्या जवानांची आठवण अजून ताजी होती. अर्नेस्ट एडवर्ड्स नावाच्या तिथल्या एका क्रीडा संपादकाने या ढिगाऱ्याला स्पिऑन कॉप म्हणावं असं सुचवलं आणि ते नाव चिकटलं. पुढे त्यातला ‘स्पिऑन’ गळला. उरला तो नुसता कॉप.

अशा पायऱ्यांना इंग्रज टेरेस म्हणतात. आपल्या गच्चीशी याचा काही संबंध नाही. नदीचा घाट डोळ्यांपुढे आणावा, फक्त पायऱ्या इतक्या अरुंद की बसायची सोयच नाही, आणि मध्ये मध्ये पोटाएवढ्या उंचीचे लोखंडी कठडे, वरून आलेला रेटा अडवायला. 1928 साली या घाटावर छप्पर चढलं. त्या छपराखाली अठ्ठावीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहू शकत. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव, आबालवृद्धांसकट, एका गोलमागे.

‘आबालवृद्ध’ सवयीने लिहून गेलो. बायका फार थोड्या. पोरं मात्र भरपूर, आणि त्यांच्यासाठी कॉपच्या एका कोपऱ्यात जाळी लावलेला वेगळा कोंडवाडाच होता. त्याला नावही ‘बॉइज पेन’ असंच. तिथं स्वस्तात घुसायचं, आणि अंगात ताकद आली की मोठ्यांच्या कॉपवर जायचं. काही कार्टी सामना चालू असतानाच जाळीवरून उडी टाकून पलीकडच्या गर्दीत मिसळत. कॉपवर कुठे उभं राहायचं हे तिकिटावर लिहिलेलं नसे, कारण बहुतेक सामन्यांना तिकीटच नसे. फिरत्या फाटकाशी नाणी द्यायची आणि आत जायचं. जागा धरावी लागे. ज्याला मधोमध, गोलच्या थेट मागे, गाणाऱ्यांच्या टोळक्यात उभं राहायचं असेल त्याने दोन-तीन तास आधी यावं. ज्याला निवांत बघायचं असेल त्याने कडेला सरकावं. वर्षानुवर्षं तोच कठडा, तेच चार मित्र, शेजारी तोच गोदीतला हमाल. खेळ सुरू व्हायच्या आधीच ही माणसं दोन तास एकमेकांच्या अंगाला अंग लावून उभी असत. अशा वेळी माणूस दुसरं काय करणार? गाणार.

साठच्या दशकात लिव्हरपूल शहर गाण्यांनीच झपाटलेलं होतं. मैदानावर सामन्याआधी त्या आठवड्याची गाजलेली गाणी वाजवत आणि कॉप ती उचलून धरी. 1963 मध्ये जेरी अँड द पेसमेकर्स या स्थानिक बँडने एका जुन्या अमेरिकी संगीत नाटकातलं ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ गायलं. ते गाजणाऱ्या गाण्यांच्या यादीत वर चढलं, यथावकाश खाली उतरलं, पण कॉपने ते सोडलं नाही. आज जगभरच्या मैदानांवर ते ऐकू येतं. पुढच्याच वर्षी, एप्रिल 1964 मध्ये, आर्सेनलला 5-0 हरवून लिव्हरपूलने लीग जिंकली तेव्हा बीबीसीच्या ‘पॅनोरमा’चा वार्ताहर कॅमेरा घेऊन तिथं आला होता. ती फीत आजही बघायला मिळते. कोट-टाय घातलेली, तेल लावून केस चापून बसवलेली हजारो पुरुषमंडळी बीटल्सचं गाणं एका सुरात म्हणतायत, आणि तो वार्ताहर त्यांच्याकडे बोट करून, दूरच्या बेटावरच्या जमातीबद्दल बोलावं तशा सुरात, मानववंशशास्त्रज्ञांनी इथं यायला हवं असं सांगतोय. फीत बारकाईने बघितली तर गाण्यापेक्षा हलणं जास्त जाणवतं. सगळा जमाव शेतातल्या पिकासारखा झुलतो. गोल झाला की वरची माणसं दहा-बारा पायऱ्या खाली वाहत जायची आणि पुन्हा मागे यायची, कित्येकदा पाय जमिनीला न टेकता.

आपल्याकडे नाटक-सिनेमात ‘पिटातला प्रेक्षक’ म्हणत, तो हाच. सगळ्यात स्वस्त जागा, आणि शिट्टी पहिल्यांदा तिथूनच. गंमत अशी की बाल्कनीतला जास्त पैसे मोजणारा प्रेक्षक त्या शिट्टीवर फुकट जगत असे.

याचं कौतुक करताना नाक झाकून चालत नाही. ऐन गर्दीत लघवीला जायचं म्हणजे जागा गेली. मग पुढच्या माणसाच्या पायांवर ऊब जाणवायची, किंवा एखादा सभ्य गृहस्थ वर्तमानपत्राची सुरळी करून सोय बघायचा. काळ्या खेळाडूंना हिणवणाऱ्या आरोळ्याही देशभरच्या अशाच पायऱ्यांवरून येत. आणि माणसं मरत. 1946 मध्ये बोल्टनला गर्दीत चेंगरून 33, 1971 मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर 66. प्रत्येक वेळी चौकशी झाली, अहवाल आला, बहुतेक मैदानं होती तशीच राहिली. दंगेखोरी वाढल्यावर सत्तरच्या दशकात एक भर मात्र पडली. प्रेक्षकांनी मैदानात उतरू नये म्हणून पायऱ्यांपुढे उंच जाळ्या उभ्या राहिल्या आणि पायऱ्यांचे खण पाडले गेले. आता मोठ्या माणसांनाही कोंडवाडा झाला.

15 एप्रिल 1989. शेफिल्डचं हिल्सबरो मैदान, एफए कपची उपांत्य फेरी, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट. लेपिंग्ज लेनच्या बाजूला उभं राहायचं तिकीट 6 पौंड. तसली 10,100 तिकिटं विकली गेली होती आणि त्या सगळ्यांना आत सोडायला फिरती फाटकं होती सात. बाहेर गर्दी तुंबली. तीनला आठ मिनिटं असताना पोलिसांनी बाजूचं मोठं दार उघडलं. लोंढा समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या दोन खणांत घुसला. ते आधीच भरलेले होते. शेजारच्या खणांत मोकळी जागा होती, पण तिकडे वळवायला कोणी उभंच नव्हतं. पुढे जाळी, मागून रेटा. सामना तीन वाजून सहा मिनिटांनी थांबला. मृतांचा आकडा पुढे 97 वर गेला. शेवटचा माणूस त्या दिवशीच्या इजांनी 2021 मध्ये गेला.

दार प्रेक्षकांनी फोडलं असं पोलीस अधिकाऱ्याने त्याच दुपारी सांगितलं. ते खोटं होतं. काही वर्तमानपत्रांनी दारूड्या जमावाच्या कहाण्या छापल्या. या माणसांचा बेकायदा बळी गेला आणि प्रेक्षकांचा काही दोष नव्हता, असा निकाल ज्युरीकडून मिळायला 2016 उजाडावं लागलं. त्या सत्तावीस वर्षांची कथा स्वतंत्र लेखाची आहे. आपल्याला जायचंय ते लॉर्ड जस्टिस टेलर यांच्या अहवालाकडे.

टेलर यांचा अंतिम अहवाल जानेवारी 1990 मध्ये आला. प्रेक्षकांना ओळखपत्रं द्यायची मार्गारेट थॅचर यांच्या सरकारची योजना त्यांनी मोडीत काढली, मैदानांच्या गलिच्छ अवस्थेवर कोरडे ओढले, आणि 76 शिफारशी केल्या. त्यातली सगळ्यांच्या लक्षात राहिली ती एकच: वरच्या श्रेणीतल्या मैदानांवर उभं राहणं बंद, प्रत्येकाला खुर्ची. मुदत 1994 चा ऑगस्ट.

पण टेलर यांनी खुर्चीबरोबर दराचाही विचार केला होता, आणि हे फार थोडे लोक सांगतात. खुर्चीचे पैसे थोडे जास्त घ्यावे लागतील हे त्यांना मान्य होतं. मात्र आज जो उभा राहतो त्याच्या खिशाला परवडेल असा स्वस्तातला दर ठेवता येईल, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. उदाहरण दिलं ते आयब्रॉक्सचंच: तिथं उभं राहायचे 4 पौंड आणि बसायचे 6. क्लबांनी पहिली शिफारस अमलात आणली, कारण तिच्यामागे कायदा होता आणि सरकारी सवलतीतून पैसाही मिळत होता. दुसरी शिफारस नव्हतीच, ती नुसती सदिच्छा होती.

आणि हिशेब सरळ होता. जिथं दोन माणसं उभी राहत तिथं एक खुर्ची बसते. जागा निम्म्यावर आल्या, त्याच वेळी 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, स्काय या उपग्रह वाहिनीने सामने घरोघर पोहोचवले, फुटबॉल एकदम प्रतिष्ठित झाला. माल कमी, गिऱ्हाईक जास्त. उभ्या जागेला नंबर नसतो, त्यामुळे एक जागा दुसरीपेक्षा महाग विकणं अवघड. खुर्चीला नंबर आला की प्रत्येक रांगेचा, प्रत्येक कोपऱ्याचा वेगळा दर लावता येतो. वेस्ट हॅम आणि आर्सेनल यांनी तर त्याच्याही पुढे जाऊन बाँड काढले. आर्सेनलचे बाँड 1,100 आणि 1,500 पौंडांचे, आणि एवढे मोजून मिळायचा तो सीझन तिकीट विकत घ्यायचा हक्क. तिकिटाचे पैसे वेगळेच! वेस्ट हॅमच्या प्रेक्षकांनी यावर असं रान उठवलं की तिथं ही योजना आपटली.

आर्सेनलचा आणखी एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1992 मध्ये त्यांच्या हायबरी मैदानावरची नॉर्थ बँक नावाची टेरेस पाडली. बांधकाम दिसू नये म्हणून गोलमागे भलंमोठं चित्र टांगलं: रंगवलेले प्रेक्षक, हजारो चेहरे. त्यात एकही काळा चेहरा नाही हे नंतर कोणाच्या तरी ध्यानात आलं आणि काही चेहरे पुन्हा रंगवावे लागले. चित्रातला हा प्रेक्षक गप्प बसे, शिव्या देत नसे, मैदानात उतरत नसे. नव्या व्यवस्थेला हवा तसा होता.

लिव्हरपूलला कॉपचा शेवटचा दिवस 30 एप्रिल 1994. तोवर सुरक्षेसाठी तिथली संख्या सोळा हजारांच्या आसपास आणलेली होती. समोर नॉर्विच. घरी जपून ठेवलेले जुने झेंडे बाहेर आले, मफलर आले, जुने खेळाडू मैदानात आणून मिरवले गेले. सगळा थाट एखाद्या जत्रेचा, आणि देव काही पावला नाही. नॉर्विचच्या जेरेमी गॉसने लांबून एक सणसणीत फटका मारला, लिव्हरपूल 0-1 हरलं. शिट्टी झाल्यावरही लोक हलेनात. जो कठडा आपला म्हणून आयुष्यभर धरला, तो निदान आणखी थोडा वेळ तरी धरून ठेवायचा होता. त्या उन्हाळ्यात पायऱ्या पाडल्या आणि तिथं सुमारे 12,400 खुर्च्यांचा नवा स्टँड उभा राहिला. नाव तेच ठेवलं, कॉप.

त्यानंतर सगळीकडून एकच तक्रार सुरू झाली: मैदानं मुकी झाली. दोष अर्थातच खुर्चीला. मला हे कधीच पुरतं पटलेलं नाही. 3 मे 2005 ला चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत चेल्सी अ‍ॅनफील्डवर आली, 7 मे 2019 ला तीन गोलांची आघाडी घेऊन बार्सिलोना आली आणि 4-0 मार खाऊन गेली. दोन्ही रात्री कॉपवर खुर्च्याच होत्या. फक्त त्यांच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. उलट पुरावाही दर शनिवारी समोर असतो. कुठल्याही इंग्लिश मैदानावर सगळ्यात जास्त आवाज कुठून येतो? पाहुण्या संघाच्या कोपऱ्यातून. तीन हजार माणसं, खुर्च्या तशाच प्लॅस्टिकच्या. पण ती पहाटे उठून, एकाच बसने, मित्रांबरोबर आलेली असतात, आणि तिथं कोणी आपल्या नंबरच्या खुर्चीवर बसायचा हट्ट धरत नाही.

म्हणजे हरवलं होतं ते शेजारी निवडण्याचं स्वातंत्र्य. सोळा-सतरा वर्षांची चार पोरं पूर्वी चार नाणी देऊन एका कठड्यापाशी उभी राहत. आता त्यांना आधी तिकीट मिळवायचं, ते मिळालं तर चौघांना चार दिशांना, आणि शेजारी कोण तर कंपनीचा पाहुणा किंवा तीस वर्षं तीच खुर्ची धरून बसलेला काका. सीझन तिकीट सोडायचं नाही, कारण एकदा गेलं की परत मिळायचं नाही. त्यामुळे खुर्चीबरोबर माणूसही म्हातारा होत गेला. बॉइज पेनमधून कॉपवर जायची वाट बंद झाली. 1990 च्या सुमारास कॉपवर उभं राहायला सुमारे 4 पौंड पडत. नुसत्या महागाईने वाढला असता तर हा दर पंचवीस वर्षांत दुप्पट झाला असता, म्हणजे आठ. दराची उडी त्याच्या कित्येक पट होती. मँचेस्टरला तर युनायटेडच्या रॉय कीन या खुद्द कर्णधारानेच नोव्हेंबर 2000 मध्ये आपल्या मैदानावरच्या कोलंबीचं सँडविच खाणाऱ्या पाहुण्यांना, यांना फुटबॉल तरी कळतो का, म्हणून झाडलं. तेव्हापासून त्या वर्गाला इंग्लंडात सँडविचवरूनच ओळखतात.

जर्मनीने दुसरी वाट धरली. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडवर आजही चोवीस हजारांवर माणसं उभी राहतात. दर स्वस्त ठेवलेला, कारण क्लबांच्या मतांचा बहुतांश हक्क सभासदांच्या हाती राहावा असा तिथला नियम आहे. युरोपीय सामन्यांना जिथं बसणं सक्तीचं होतं तिथं त्याच पायऱ्यांवर खुर्च्या बसवायच्या, लीगला पुन्हा काढायच्या. अनेक जर्मन मैदानांवर कठड्यालाच दुमडती खुर्ची जोडलेली असते. इंग्लंडमधली पोरं स्वस्त विमानाने जाऊन तिथला सामना बघू लागली.

मग 2016 चा फेब्रुवारी. लिव्हरपूलने मोठा नवा मेन स्टँड बांधायला काढला होता आणि पुढच्या मोसमाचे दर जाहीर केले. सर्वांत महाग तिकीट 59 पौंडांवरून 77 वर. सर्वांत महाग सीझन तिकीट हजाराच्या वर. काही जागा 9 पौंडांना मिळतील असंही त्यात होतं, पण त्या मोजक्या. ‘स्पिरिट ऑफ शँकली’ आणि ‘स्पिऑन कॉप 1906’ या प्रेक्षक संघटनांनी ठरवलं: 6 तारखेला संडरलँडविरुद्ध सत्त्याहत्तराव्या मिनिटाला उठायचं.

त्या दिवशी प्रशिक्षक यर्गेन क्लॉप मैदानात नव्हते, अपेंडिक्सने इस्पितळात पडलेले. फिर्मिनो आणि ललाना यांच्या गोलांनी लिव्हरपूल 2-0 पुढे होतं. संघ जिंकतोय, तेरा मिनिटं उरलीत, अशा वेळी उठणं फुटबॉलवेड्याच्या जिवावर येतं. पण सुमारे दहा हजार माणसं उठली. काहींनी आपल्या खुर्चीकडे एकदा वळून बघितलं, काही ओरडत गेली, आणि भरल्या कॉपला मोठमोठी भगदाडं पडली. नंतर जे घडलं ते एखाद्या नाटककाराने लिहिलं असतं तर आपण ताणलंय म्हटलं असतं. संडरलँडने 82 व्या आणि 89 व्या मिनिटाला गोल केले. सामना 2-2. चारच दिवसांत अमेरिकी मालकांनी माफी मागितली आणि दर 59 पौंडांवर गोठवले. त्याच आठवड्यात, डॉर्टमुंडच्या प्रेक्षकांनी श्टुटगार्टच्या मैदानावर तिथल्या महाग तिकिटांचा निषेध म्हणून टेनिसचे चेंडू फेकले. मार्चमध्ये प्रीमियर लीगने पाहुण्या प्रेक्षकांच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा घातली. सगळ्यात मोठ्याने गाणारे कोण, हे लीगलाही ठाऊक होतं.

उभं राहणं परत आलं, पण फार सावकाश, आणि लिव्हरपूलमध्ये तर दबक्या पावलांनी. हिल्सबरोत मुलं गमावलेल्या आईबापांसमोर हा विषय काढायचा कसा? काही कुटुंबांचा ठाम विरोध होता. 2017 मध्ये स्पिरिट ऑफ शँकलीने आधी त्यांच्याशी बोलून, मग सभासदांचं मत घेतलं. प्रचंड बहुमत कठड्याच्या खुर्च्यांच्या बाजूने पडलं. 2021 मध्ये कॉपच्या एका भागात त्या बसल्या. 2 जानेवारी 2022 ला इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत कित्येक वर्षांनी परवानगीने उभं राहून सामना बघता आला तो चेल्सीच्या मैदानावर, स्टॅमफर्ड ब्रिजवर. चेल्सीसमोर होतं लिव्हरपूल. तोही 2-2.

दराचा प्रश्न मात्र कठड्याने सुटला नाही. उभ्या जागेलाही आता नंबर आहे, नंबराला दर आहे. 2024 च्या वसंतात क्लबने पुढच्या मोसमासाठी दोन टक्के वाढ जाहीर केली, प्रेक्षकांशी धड चर्चा न करता. दोन टक्के म्हणजे फार नाही, असं वाटेल. 11 एप्रिलला युरोपा लीगसाठी इटलीचा अटालांटा संघ आला तेव्हा नेहमी झेंड्यांनी झाकला जाणारा कॉप उघडा होता. ज्यांनी ते झेंडे स्वतःच्या पैशाने शिवले होते, त्यांनी ते घरीच ठेवले होते. लिव्हरपूल 0-3 हरलं.